बीटलच्या अळ्यांसाठी घरचं मॅट: बुरादा, कोंडा आणि दोन महिने

बीटल पाळायचा म्हणजे खरं तर अळी पाळायची. मोठा झालेला बीटल काही आठवडे, फार तर काही महिने दिसतो, पण अळी मात्र महिनोन्महिने डब्यात असते आणि जे काही खायचं, वाढायचं, अंगात साठवायचं ते सगळं अळी असतानाच होतं, एकदा पंख फुटले की आकार अजिबात वाढत नाही. म्हणून शिंग किती मोठं येणार हे त्या डब्यातल्या मॅटवर, म्हणजे अळी ज्यात राहते आणि जो खाते त्या आंबवलेल्या लाकडाच्या भुशावर (बुराद्यावर) ठरतं. आणि हे मॅट इंदूरमध्ये घरच्या घरी फार छान तयार होतं, सामान स्वस्त आहे, आपलं हवामान तर यासाठी अगदी जमून येणारं आहे, फक्त दोन महिने थांबायची तयारी पाहिजे.

मी इथे सांगतोय ते गेंड्या भुंगा (ऱ्हायनोसेरॉस बीटल) आणि फुलांवर येणारे चकचकीत फ्लॉवर बीटल यांच्यासाठी. स्टॅग बीटलचं प्रकरण वेगळं, त्यांना बुरशीने पांढरं पडलेलं कुजकं लाकूडच लागतं, त्यात इथे शिरत नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. अळी कच्चं लाकूड खाऊन जगत नाही. ती खाते ते लाकूड आधी बुरशी आणि बॅक्टेरियाने फोडलेलं, मऊ केलेलं असावं लागतं, आणि तिच्या पोटाच्या मागच्या भागातसुद्धा असेच सूक्ष्मजीव राहतात जे उरलेलं काम करतात. अळी हातावर घेऊन उजेडाकडे धरली तर मागचं टोक काळपट, फुगलेलं, आतलं खाद्य कातडीतून दिसतं, तीच तिची आंबवायची टाकी. म्हणजे आपल्याला आधी पाळायचेत ते सूक्ष्मजीव आणि नंतर अळी, हा क्रम उलटा केला की अळी मरते. नर्सरीतलं कोकोपीट आणून त्यात अळ्या टाकणारे खूप जण आहेत, कोकोपीट ओल छान धरतं पण त्यात खायला जवळजवळ काहीच नाही, अळी त्यात महिनोन्महिने तशीच बारकी राहते.

जपानमध्ये बीटल पाळायचा छंद घराघरात आहे आणि तिथे असं आंबवलेल्या बुराद्याचं मॅट दुकानात पिशवीत मिळतं, त्याला हाक्को मॅट म्हणतात, यूट्यूबवर फ्लेक सॉइल नावाने शोधलंत तर पण हेच सापडेल. तिकडे ओकचं लाकूड वापरतात, आपल्याकडे ओक कुठला, आपल्याला आरा मशीनवर जे पडलेलं असतं त्यातून निवडायचंय.

निवड म्हणजे इथेच अर्धं काम आहे. पानझडी, हलकं ते मध्यम, कुजायला सोपं लाकूड हवं. आंबा सगळ्यात उत्तम, पॅकिंगच्या पेट्यांसाठी तो भरपूर चिरला जातो त्यामुळे मिळतोही. शिरीष, सेमल (काटेसावर), गुलमोहर चालतात. सागवान नको म्हणजे नकोच, सागाला वाळवी लागत नाही ती त्याच्या अंगातल्या द्रव्यांमुळे, आणि जे वाळवीला चालत नाही ते आपल्या अळीला कशाला चालेल. त्याच कारणाने कडुनिंब, निलगिरी, देवदार, चीड (पाइन) हे सगळे बाद. शिसमही मी घेत नाही, फार चिवट आणि तेलकट. आणि फर्निचरवाल्याकडचा भुसा कितीही फुकट मिळाला तरी आणू नका, त्यात प्लायवुड आणि एमडीएफची धूळ असते, म्हणजे फॉर्मल्डिहाइडवाला गोंद, वरून पॉलिश. आरा मशीनवर जायचं, सकाळच्या वेळी, गर्दी नसताना, आणि सरळ विचारायचं, "भैया, आज का कटा हुआ आम का बुरादा अलग से मिलेगा क्या?" पट्ट्याखाली साचलेला जुना ढीग मिक्स असतो, त्यात सागही असतो, तो घेऊ नका. त्यांना काही फरक पडत नाही, आंब्याचा ओंडका चिरत असतील तेव्हा खाली पोतं धरायचं एवढंच. रंध्याची सालं नकोत, ती जाड असतात आणि कुजायला जन्म लागतो, करवतीखालचा रवाळ बुरादाच हवा.

आता प्रमाण. साधारण ४० लिटर बुरादा, म्हणजे रंगाच्या २० लिटरच्या धुतलेल्या दोन बादल्या भरून. त्याला ४ लिटर गव्हाचा कोंडा, चोकर म्हणून मागा, गुरांच्या खाद्याच्या दुकानात किंवा सरळ चक्कीवर मिळतो. याशिवाय २ लिटर कोंडा बाजूला ठेवा, तो नंतर घालायचाय. विरजण म्हणून दोन मुठी जुनी पानांची माती किंवा आधीच्या खेपेचं मॅट. काही जण चमचाभर ड्राय यीस्ट घालतात, हरकत नाही, पहिल्या दोन दिवसांत वेग येतो, पण नाही घातलं तरी काही अडत नाही.

कोंडा का, तर नुसत्या बुराद्यात कार्बन प्रचंड आणि नायट्रोजन नावालाच, शेकड्याला एक अशातलंही नाही, त्यामुळे सूक्ष्मजीवांची संख्या वाढतच नाही आणि ढीग महिने झाले तरी बिस्किटाच्या रंगाचाच राहतो. कोंड्यातून नायट्रोजन मिळतो, थोडा स्टार्च मिळतो आणि मग ते लाकडावर तुटून पडतात. जास्त घातला तर जास्त चांगलं होईल असं वाटतं, तसं नाही, जास्तीचा कोंडा सडतो, अमोनियाचा भपकारा येतो आणि माइट्सची, म्हणजे अगदी बारीक किड्यांची, फौज तयार होते. दहाला एक, नंतर थोडा, बस.

कोरडं कोरड्यात आधी मिसळायचं, हे महत्त्वाचं. गच्चीवर ताडपत्री पसरा, बुरादा पसरा, त्यावर कोंडा भुरभुरवा, हाताने वरखाली करा, कुठेही कोंड्याचा गठ्ठा राहायला नको कारण तो गठ्ठा आतमध्ये चिकट होऊन आंबट वास मारत बसतो. मग पाणी. नर्मदेचं नळाचं पाणी क्लोरीनचं असतं, आदल्या दिवशी बादलीत उघडं भरून ठेवा (एक दिवसाआड पाणी येतं तेव्हा तसंही आपण भरूनच ठेवतो). कोरडा बुरादा असेल तर १० ते १२ लिटर लागतं, ताजा ओला असेल तर बरंच कमी, म्हणून मोजमापावर जाऊ नका, मुठीवर जा. मूठभर घेऊन जोरात दाबा, लाडू झाला पाहिजे, बोटाने टोचल्यावर फुटला पाहिजे, आणि बोटांच्या फटीत ओल चमकली तरी थेंब खाली पडता कामा नये. थेंब पडला तर कोरडा बुरादा वाढवा.

हे सगळं झाकणाच्या मोठ्या टबात किंवा ड्रममध्ये भरा, दाबू नका, झाकणाला आणि वरच्या बाजूंना भोकं पाडून आतून मलमलचं कापड चिकटवा म्हणजे हवा जाईल आणि माश्या येणार नाहीत. गच्चीवर सावलीत ठेवा. ४० लिटरपेक्षा कमी केलंत तर ढीग तापतच नाही, गरमी बाहेर निघून जाते, एका छोट्या बरणीत करून बघू म्हणाल तर नीट होणार नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी झाकण उघडा आणि हात आत घाला, मधोमध, कोपरापर्यंत. वरचा थर साधा असतो, बोटभर खाली कोमट, आणि मध्यावर इतकं गरम की हात काढून घ्यावासा वाटतो, ५० ते ६० डिग्रीपर्यंत जातं. खालचं वर केलं की वाफ निघते आणि पावाच्या बेकरीसारखा वास येतो, थोडा दारूचाही, तो बरोबर आहे. दाण्यांवर राखेसारखा पांढरट थर दिसेल, घाबरून फेकू नका, ती बुरशी आणि ॲक्टिनोमायसीट्स (बुरशीसारखे धागे करणारे बॅक्टेरिया) आहेत, त्यांनाच तर आपण बोलावलंय.

पहिले दोन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण वरखाली करा, म्हणजे वरवर ढवळणं नाही, ताडपत्रीवर ओतून कडेचं मध्ये आणि मधलं कडेला. मध्यभाग वाळतो, तिथे पाणी शिंपडा. दोनेक आठवड्यांनी गरमी उतरते तेव्हा राखून ठेवलेला कोंडा घाला, पुन्हा तापेल. त्यानंतर आठवड्यातून एकदा हलवलं तरी चालतं.

ढीग रचायचा, ओल राखायची, ठराविक वेळी उलथायचा, हवा खेळती ठेवायची, हे तंत्र शास्त्रशुद्ध बसवलं गेलं ते आपल्याच गावात, याचा मला फार अभिमान आहे. १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत, म्हणजे आताचं कृषी महाविद्यालय आहे त्या आवारात, अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातला काडीकचरा आणि शेण थरावर थर रचून, वेळोवेळी उलथून साधारण तीन महिन्यांत खत करायची पद्धत मांडली आणि जगभर ती इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. आपल्या टबात चाललंय ते त्याच तत्त्वावर. फरक एवढाच की त्यांच्या ढिगात जनावरांच्या मुताने भिजलेली माती आणि लाकडाची राख पण असायची, आपल्याला ती दोन्ही नकोत, शेताला मानवतं ते सगळं अळीला मानवत नाही, मुतातून येणारा अमोनिया तर तिला बंद डब्यात मारूच शकतो. आणि घरातला ओला कचरा यात टाकायचा मोह टाळा, तेल, मीठ, लिंबाची सालं यांचं इथे काही काम नाही, ते आपल्या कचरागाडीत जाऊ द्या.

वास हाच तुमचा थर्मामीटर आणि लॅब दोन्ही. उलटीसारखा आंबट किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला म्हणजे आत हवा पोचत नाहीये, पाणी जास्त झालंय, ताडपत्रीवर पातळ पसरवून अर्धा दिवस सावलीत वाळवा आणि पुन्हा भरा, बहुतेक वेळा सावरतं. डोळ्यात झोंबणारा वास आला तर कोंडा जास्त झालाय, कोरडा बुरादा मिसळा आणि रोज हलवा. वासच नाही आणि गरमही नाही म्हणजे कोरडं पडलंय, आणि मे महिन्यात आपल्याकडे ४० डिग्रीच्या वर गरम हवा सुटली की हे फार पटकन होतं, तेव्हा टबावर ओलं पोतं टाकून ठेवा.

तयार झालं कधी म्हणायचं? रंग चहाच्या चोथ्यासारखा गडद, दाणा बोटात चोळला तर पिठूळ होतो, हलवून पाणी शिंपडलं तरी पुन्हा तापत नाही, आणि वास पहिल्या पावसानंतरच्या जंगलातल्या मातीचा. उन्हाळ्यात सहा ते आठ आठवडे लागतात, थंडीत तीन महिनेही जातात आणि तेव्हा टबाला जुनी गोदडी गुंडाळावी लागते. म्हणून सगळ्यात चांगला हिशोब एप्रिलच्या शेवटी सुरू करायचा, म्हणजे जूनच्या शेवटाला पाऊस लागून भुंगे दिव्यावर यायला लागतात तेव्हा मॅट हजर असतं.

तयार झाल्यावर लगेच अळ्या टाकू नका. उघड्या ट्रेमध्ये आठवडाभर पसरून ठेवा, उरलासुरला वायू निघून जाऊ द्या. मग एका डब्यात थोडं भरून एकच अळी सोडा. ती काही मिनिटांत खाली गेली आणि दुसऱ्या दिवशीही खालीच असेल तर मॅट चांगलं आहे. वर येऊन बसली, पुन्हा गाडली तरी पुन्हा वर आली, तर ती तुम्हाला सांगतेय की खाली श्वास घेता येत नाहीये किंवा अजून गरम आहे, ऐका तिचं, आणखी दोन आठवडे थांबा. अळीच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना तपकिरी ठिपक्यांची ओळ असते, ती तिची श्वासाची छिद्रं, आणि जमिनीखाली राहणाऱ्या जिवाला आजूबाजूची हवा खराब झाली तर पळायला फक्त वरची दिशा असते.

नुसतं मॅटही चालतं पण मी मिसळून देतो. गेंड्या भुंग्यासाठी दोन भाग मॅट, एक भाग कुजलेली पानं, एक भाग वर्षभर जुनं शेणखत. फ्लॉवर बीटलसाठी पानं वाढवायची, मॅट आणि पानं सारखी, शेणखत थोडंसंच. पानं वड, पिंपळ, आंबा यांची, खालच्या थरातली काळी पडलेली, हातात चुरा होणारी. औषध फवारलेल्या बागेतली नकोत.

शेणखताबद्दल दोन गोष्टी नीट विचारून घ्या कारण यात डोळ्यांना काहीच दिसत नाही. एक, गाईंना नुकतंच जंताचं औषध दिलंय का, आयव्हरमेक्टिन दिलेल्या जनावराच्या शेणात ते बरेच दिवस उतरतं आणि त्याने किड्यांच्या अळ्या मरतात. दुसरं, त्या खतात मेटारायझियम मिसळलंय का. पिकांची मुळं खाणारी हुमणी अळी मारायला सेंद्रिय शेती करणारे लोक ही बुरशी खतात घालतात, शेतासाठी ते उत्तमच आहे, पण आपल्या डब्यात ती आली तर अळ्या आधी कडक होतात, मग पांढऱ्या, मग हिरव्या, आणि डब्यातलं सगळं फेकून डबा उकळत्या पाण्याने धुवावा लागतो. खत आणल्यावर चाळा, गांडुळं, गोम, मुंग्या बाहेर काढा, मग काळ्या पिशवीत घट्ट बांधून मेच्या उन्हात तीन-चार दिवस ठेवा, त्यात उरलेले बहुतेक पाहुणे मरतात. फ्रीजरमध्ये दोन दिवस ठेवलं तरी चालतं, फक्त आईला आधी विचारा.

भरताना तळाचे पाच-सात सेंटिमीटर मुठीने दाबून घट्ट करा, मादी अंडी तिथे घालते, वरचं मोकळं. गेंड्या भुंग्याला एकूण १५ ते २० सेंटिमीटर खोली हवी आणि मोठ्या झालेल्या एका अळीला दोन-तीन लिटर जागा, दाटी झाली की एकमेकींना चावतात. डबा घरात सगळ्यात गार कोपऱ्यात जमिनीवर ठेवा, २२ ते २८ डिग्री बरं, ३२ च्या वर काळजी. कूलरच्या झोतात ठेवू नका, मॅट वरून वाळून जातं.

अळ्या कुठून आणायच्या असं सगळे विचारतात. मे महिन्यात महू, सांवेर, देपालपूरकडे उकिरड्यातलं खत शेतात न्यायला काढतात, ओळखीच्या काकांना सांगून ठेवलं तर मूठभर अळ्या सहज देतात. पण आणलेली अळी कुठली ते बघून घ्या. सपाट ताटात ठेवा. जी उलटी होऊन पाठीवर सरपटत सुटली, पाय हवेत आणि तरीही भराभर पुढे जातेय, ती फ्लॉवर बीटलची, पहिल्यांदा बघताना विश्वास बसत नाही इतकं सुंदर चालते. जाडजूड, करड्या-पांढऱ्या अंगाची, तपकिरी डोक्याची, कुशीवर वळून पडलेली मोठी अळी खतातून निघाली तर बहुतेक गेंड्याची. आणि सोयाबीनच्या मुळांशी सापडलेली हुमणीची, तिला जिवंत मुळं लागतात, तिला आणू नका. राळामंडल किंवा कुठल्याही अभयारण्यातून काही उचलायचं नाही, आणि परदेशी हर्क्युलस वगैरे कोणी विकत असेल तर लांब राहा, परवानगीशिवाय जिवंत किडे देशात आणता येत नाहीत आणि ते निसटले तर नुकसान दुसऱ्याच कुणाचं तरी होतं.

मॅट कधी बदलायचं, तर वरच्या थरात चपट्या गोळ्यांसारखी लेंडी दिसायला लागली की. मोठी अळी सहा-आठ आठवड्यांत डबा संपवते. सगळं एकदम बदलू नका, एक तृतीयांश जुनं ठेवा, त्यात तिच्या ओळखीचे सूक्ष्मजीव असतात. काढलेली लेंडी गुलाबाला, तुळशीला घाला, पण आधी चाळणीतून काढा कारण त्यात बारीक अळी किंवा अंडी हमखास सुटतात आणि गेंड्या भुंगा नारळाच्या आणि खजुराच्या झाडांचा मोठा शत्रू आहे, त्याला बागेत किंवा उकिरड्यात मोकळं सोडणं अजिबात नको, जेवढे सांभाळता येतील तेवढीच अंडी ठेवा.

शेवटी शेवटी अळी पिवळट होते, खाणं कमी करते, आणि डब्याच्या काचेला लागून गुळगुळीत भिंतीची अंडाकृती खोली करते. आता मॅट बदलायचं नाही, हलवायचं नाही, खोदून बघायचं नाही, ती खोली फुटली तर कोष नीट होत नाही आणि पंख वाकडे येतात. फक्त बाहेरून डब्याला हात लावून ओल तपासा, वर कोरडं दिसलं तर कडेने दोन चमचे पाणी सोडा, आणि कोष झाल्यावर बीटल स्वतःहून वर येईपर्यंत, तारीख लिहून डबा तसाच राहू द्या.